गृहशास्त्राच्या वाटण्या

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९११ साली एक ठराव झाला. त्याचा आशय असा, की स्त्रियांना प्राध्यापकपद द्यायला आम्ही एरवी अनुकूल नाही, मात्र होम इकॉनॉमिक्स, म्हणजे गृहशास्त्राच्या, विभागात त्यांना नेमलं तर आमची हरकत राहणार नाही. तेवढ्या सवलतीवर मार्था व्हॅन रेन्सेलर आणि फ्लोरा रोझ या दोघी त्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या.

हा ठराव वाचून माझं डोकं तापलं होतं. मी तो आत्याला सांगितला, तर ती म्हणाली, "अगं, आम्ही तरी आणखी कशावर शिकलो? फिजिक्स शिकायला जाते म्हटलं असतं, तर अण्णांनी मला एकटीला बडोद्याला पाठवलं असतं होय?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि अण्णा म्हणजे त्यांचे वडील. साठच्या दशकात ती कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरातून बडोद्याला गेली, महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सची पदवी घेऊन परतली आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत राहिली. "पोरीला स्वयंपाक शिकायला एवढ्या लांब कशाला पाठवायची?" असं भाऊबंदांनी अण्णांना विचारलं होतं. तिथं रसायनशास्त्र होतं, शरीरशास्त्र होतं, बालमानसशास्त्र होतं, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. गृहशास्त्र या नावाखाली मुलगी बिनबोभाट चार भिंतींबाहेर पडते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. कितीतरी घरांनी त्या काळात असंच केलं असणार. म्हणून या विषयाला कुणी हसलं की मला सहन होत नाही.

कॉर्नेलची गोष्ट मात्र ठरावाच्या अकरा वर्षं आधी सुरू होते. लिबर्टी हाइड बेली नावाचे तिथले फळबाग-शास्त्राचे प्राध्यापक शेतकऱ्यांसाठी टपालानं अभ्यासक्रम चालवत. शेतकऱ्याच्या बायकोसाठीही काही करावं म्हणून १९०० साली त्यांनी मार्था व्हॅन रेन्सेलर यांना बोलावलं. या बाई तोवर आपल्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकारी होत्या. गावोगावच्या शाळा बघत हिंडल्यामुळे शेतावरचं घर आणि त्यातली दमलेली बाई त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांनी काढलेल्या पहिल्या पत्रिकेचा विषय होता पावलं वाचवणं. पाणी कुठं, चूल कुठं, धान्य कुठं, आणि या तिघांमध्ये बाई दिवसभर किती चालते. पत्रिकेसोबत प्रश्न असायचे आणि बायका त्यांची उत्तरं लिहून पाठवायच्या. हजारो बायकांनी पत्रं लिहिली. विद्यापीठानं त्यांना काही विचारायची ती पहिलीच वेळ असावी.

मला या आरंभाचं फार अप्रूप आहे. एवढं मोठं विद्यापीठ, आणि त्यातल्या एका विद्याशाखेचा पाया काय, तर बाईची पायपीट.

आत्यानं नेमकं हेच आमच्या घरात केलं होतं. आमचं घर जुनं. सोप्यातून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, आणि पाण्याचा नळ मागच्या चौकात. बडोद्याहून सुट्टीला आली तेव्हा तिनं आजीच्या मागं खडू घेऊन फिरत तिची वाट जमिनीवर आखली. आजी चिडली, सोवळं मोडलं म्हणाली, पण सकाळच्या स्वयंपाकातली ती वाट बघायला शेजारच्या बायकाही आल्या. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारांतून आत्यानं कडाप्प्याचा ओटा करून घेतला. उंची ठरवायला आजीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि तिच्या कोपराच्या चार बोटं खाली खूण केली. गवंडी म्हणाला, बाई, सगळीकडं एकाच मापाचा ओटा घालतात. आत्या म्हणाली, "सगळीकडं आमची आई स्वयंपाक करत नाही." आजीची कंबर पुढं तिच्या मरणापर्यंत शाबूत राहिली. याचं श्रेय आजीनं अंबाबाईला दिलं, आत्याची त्याला हरकत नव्हती.

कॉर्नेलमध्ये १९०७ साली शेतकी कॉलेजात होम इकॉनॉमिक्सचा विभाग झाला, त्याचं १९१९ साली विद्यापीठातलंच स्वतंत्र 'स्कूल' झालं, आणि १९२५ साली राज्याच्या कायद्यानं कॉलेज. मंदीच्या दिवसांत, १९३३ च्या मार्चमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये जे जेवण वाढायला लावलं ते फ्लोरा रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेलं होतं: भरलेली अंडी टोमॅटोच्या सॉसमध्ये, कुस्करलेला बटाटा आणि सुक्या फळांचं पुडिंग. खर्च माणशी साडेसात सेंट. देशात लोक उपाशी असताना राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर ते ताट आलं, याचं मोल मोठं आहे. स्वस्तात पुरेसं पोषण कसं बसवायचं, हा प्रश्न तेव्हा तिथल्या सत्तेच्या पंगतीला जाऊन बसला.

आपल्याकडं हे शिक्षण दोन वाटांनी आलं. एक वाट जपानमार्गे. टोकियोला १९०१ साली स्त्रियांचं विद्यापीठ निघालं, त्यात पहिल्यापासून गृहशास्त्राचा विभाग होता. त्याची माहितीपुस्तिका टपालानं धोंडो केशव कर्वे यांच्या हातात पडली आणि तिच्यातून १९१६ सालचं हिंगण्याचं महिला विद्यापीठ उभं राहिलं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरी वाट दिल्ली आणि बडोद्याची. दिल्लीत १९३२ साली लेडी आयर्विन कॉलेज निघालं. बडोद्याला विद्यापीठ झालं १९४९ साली आणि लगेच पुढच्या वर्षी होम सायन्सची विद्याशाखा, कारण कुलगुरू होत्या हंसा मेहता.

इथं कोल्हापूरचंही नाव घ्यायला हवं. शाहू महाराजांची सून, इंदुमती राणीसाहेब, १९१८ साली कोवळ्या वयात विधवा झाल्या. महाराजांनी घरातल्यांचा विरोध पत्करून सोनतळीच्या बंगल्यावर त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुढं याच राणीसाहेबांनी कोल्हापुरात मुलींची शाळा, उद्योगशिक्षण आणि गृहशास्त्राचं शिक्षण यांना आधार दिला. आत्या त्यांच्याबद्दल बोलताना आजही 'आमच्या राणीसाहेब' म्हणते.

आत्याचं बडोद्याचं जर्नल माझ्याकडं आहे. कपड्यांचं पान उघडलं की मांजरपाट, पॉपलीन, केंब्रिक, खण यांचे चौकोनी तुकडे शिवलेले दिसतात. प्रत्येकाशेजारी एक जळका दोरा चिकटवलेला आणि खाली टीप: सुती धागा जळताना कागदाचा वास येतो, राख मऊ. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास. नायलॉन वितळून गोळी होते. शाळेत हा तास ती काडेपेटी घेऊन घ्यायची. नंतर तिच्या वर्गातल्या मुली महाद्वार रोडला लग्नाचा बस्ता बांधायला गेल्या की पदराच्या कडेचा एक दोरा मागून घ्यायच्या. रेशीम म्हणून दुसरंच काही गळ्यात मारायची सोय राहायची नाही. एका दुकानदारानं शाळेत निरोपही पाठवला होता, बाईंना सांगा पोरींना नको ते शिकवू नका म्हणून.

दुसरं पान आहारमूल्यांचं. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत १९३० च्या दशकात भारतीय अन्नघटकांचे तक्ते तयार व्हायला लागले, तीच प्रयोगशाळा पुढं हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. त्या तक्त्यांतले आकडे आत्याला तोंडपाठ. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३४४ मिलिग्रॅम. गव्हाच्या कणकेत ते पन्नासच्याही खाली. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या मुली वसतिगृहात राहून शिकायच्या आणि डब्यातली नाचण्याची काळपट भाकरी हातानं झाकून खायच्या. आत्यानं हे दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि तासाचा विषय तोच केला. त्या मुलींपैकी एकजण आज नातवंडांना आंबील पाजताना हे सांगते. मिलेटचा आता जो उदोउदो चाललाय, त्याच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या एका वर्गात नाचणीला मान मिळाला होता. गृहशास्त्राचं काम मला असं दिसतं: आजीला जे माहीत होतं ते तपासायचं, त्यातलं जे खरं निघेल त्याला आकड्याचं बळ द्यायचं, आणि जे खोटं निघेल ते आजीला समजावून सांगायचं.

या विषयाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. कॉर्नेलमध्ये १९१९ पासून अनाथालयातून तान्ही बाळं आणून ती विद्यार्थिनींच्या ताब्यात देत. मुली आळीपाळीनं त्या बाळाची आई व्हायच्या, वेळापत्रक लावून पाजायच्या, वजनाच्या नोंदी ठेवायच्या. बाळाला आडनावही विभागाच्या नावावरून दिलं जायचं. पुढं ती बाळं दत्तक जायची, आणि अशा शिस्तीत वाढलेलं बाळ मिळावं म्हणून लोक वाटही बघायचे. हे वाचताना माझ्या पोटात तुटतं. ज्या मुलाला कुणीच नाही, त्याच्या वाट्याला इतक्या आया आल्या, आणि एकही राहिली नाही. आई तुटण्यानं मुलाचं काय होतं याचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर जसजसा पुढं आला, तसतसं हे चालवणं अवघड झालं. बडोद्याला आत्या मुलांना सांभाळायला शिकली ती बालवाडीत. तिथं मुलं सकाळी यायची आणि दुपारी आपापल्या घरी जायची. तेवढं पुरे होतं.

साठच्या दशकात वारं फिरलं. अमेरिकन विद्यापीठांना संशोधन हवं होतं, संशोधनाचा पैसा हवा होता, आणि होम इकॉनॉमिक्स म्हणजे केक भाजायचं कॉलेज असा समज घट्ट झाला होता. खरं तर त्या वेळी त्याच कॉलेजात युरी ब्रॉनफेनब्रेनरसारखा माणूस होता, ज्यानं मुलाभोवतीचं घर, शाळा, वस्ती, सरकारी धोरण या सगळ्यांचा एकत्र विचार मांडला आणि गरीब मुलांसाठी १९६५ साली सुरू झालेल्या हेड स्टार्ट योजनेच्या उभारणीत भाग घेतला. तरीही नाव आड येत होतं. १९६९ साली कॉर्नेलनं ते बदलून कॉलेज ऑफ ह्युमन इकॉलॉजी केलं. याच सुमारास इतकी वर्षं बायकांनी चालवलेल्या त्या कॉलेजच्या प्रमुखपदी पुरुष आला. पुढं १९९४ साली या विषयाच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेनंही नाव बदललं. आता बडोद्याची विद्याशाखाही 'फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस' म्हणून ओळखली जाते.

या बदलातून चांगलं काही निघालं नाही असं कोण म्हणेल? आपल्याकडं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाड्या आल्या, आणि गृहशास्त्र शिकलेल्या कितीतरी मुली अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका झाल्या. आत्याच्याच विद्यार्थिनी चंदगड-आजऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर मुलांची वजनं घेत फिरल्या. पोषणशास्त्रातून रुग्णालयांतल्या आहारतज्ज्ञ आल्या. बदललं नसतं तर हे झालं नसतं.

पण घराच्या वाटण्या होतात तसं काहीतरी इथं झालं. आहाराचा तुकडा वैद्यकाकडं गेला, कापडाचा फॅशनकडं, मुलाचा मानसशास्त्राकडं, सजावटीचा इंटिरियरवाल्यांकडं. ज्याला बाजारात भाव होता तो प्रत्येक तुकडा कुणीतरी घेतला. थोरल्या भावानं रान घ्यावं, धाकट्यानं दुकान, आणि म्हातारी कुणाकडं राहणार हे कुणी विचारूच नये, तसं गृहव्यवस्थापन मधल्या मध्ये राहिलं. घर चालवणं म्हणजे काय? महिन्याचा पैसा, माणसांचे कष्ट, वेळ, पाणी, इंधन, आजारपण, म्हातारपण यांचा मेळ घालणं. हा सगळ्यांत अवघड भाग होता आणि तोच कुणाच्या नावावर चढला नाही. आज राजारामपुरीत आहारतज्ज्ञांच्या पाट्या दिसतात, ड्रेस डिझायनिंगचे क्लास दिसतात. घर चालवायला शिकवणारी पाटी मला कुठं दिसत नाही, आणि घरं तर चालतातच आहेत. कुणाच्या जिवावर, हे सगळ्यांना माहीत आहे.

याचं उत्तर आपल्या देशात फार पूर्वी सापडलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय स्त्री-शिक्षण परिषदेनं एक समिती नेमली. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हा प्रश्न तिच्यापुढं होता आणि अध्यक्ष होत्या हंसा मेहता. स्वातंत्र्याच्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं संविधान सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला तो यांनीच, आणि बडोद्याच्या होम सायन्सची उभारणीही यांच्याच कारकिर्दीतली. हे शिक्षण मुलींसाठी राखून ठेवा, असं म्हणणं त्यांना सगळ्यांत सोपं होतं. समितीनं उलट सांगितलं. लिंगावरून अभ्यासक्रम वेगळे नकोत, आणि माध्यमिकच्या आधीच्या इयत्तांत गृहशास्त्र मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवा. १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानं ही भूमिका उचलून धरली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. म्हणजे या शिफारशीवर कोल्हापूरच्या मातीतल्या माणसाचाही हात फिरला होता.

मुलांना ते कुणी शिकवलं नाही. ज्या काळात आयोगाचा अहवाल आला, त्याच काळात आत्याच्या शाळेच्या भिंतीपलीकडच्या मुलांच्या शाळेत सुतारकाम होतं आणि भिंतीच्या अलीकडं शिवणकाम. आत्यानं एकदा दोन्ही शाळांचे तास एकत्र घ्यायचं सुचवलं होतं. मुलींनी सुतारकामाला जावं हे लोकांना पटवता आलं असतं, म्हणते. मुलांनी रफू करायला बसावं, हे एकाही पालकाच्या गळी उतरलं नाही. माझे वडील, तिचा सख्खा भाऊ, आयुष्यात एकदाही आजीच्या ओट्यापाशी उभे राहिले नाहीत. माझी आई गेल्यावर त्यांना डाळीत पाणी किती घालायचं हे विचारायला मला फोन करावा लागायचा. शिकलेला, सरकारी नोकरीत हिशेब तपासणारा माणूस, आणि आपल्याच घरात परका. माझा या विषयावरचा सगळा राग तिथून येतो. मुलींना घर शिकवलं यात काही बिघडलं नाही. मुलांना शिकवलं नाही, त्यानं बिघडलं.

घर चालवण्याचं शास्त्र किती लागतं ते मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. पंचगंगा गावांत आणि पेठांत शिरली होती, आंबेवाडी-चिखलीची माणसं बाहेर काढली जात होती, हायवे बंद होता. आमच्या भागातल्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. गावोगावहून भाकऱ्यांची गाठोडी, भाताची पातेली, बिस्किटांचे पुडे, जुने कपडे यांचा ढीग येत होता आणि तरुण पोरं जीव तोडून तो उतरवत होती. वाटप मात्र जमत नव्हतं. भात आंबत होता आणि कोरड्या भाकऱ्या आधी संपत होत्या.

आत्या तेव्हा पंच्याहत्तरीला आली होती. खुर्ची टाकून दारात बसली. "भात आणि रस्सा आत्ता वाढा. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे मागं ठेवा, ते टिकतं. दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका." तान्ह्या बाळांच्या आया एका खोलीत, म्हातारी माणसं संडासाच्या जवळच्या खोलीत. पिण्याच्या पाण्याचं पिंप वेगळं, त्यात कुणी हात घालायचा नाही, ओगराळं बांधून ठेवायचं. जुलाब सुरू झालेल्या पोराच्या आईला तिनं लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ घालून दाखवलं. सॅनिटरी पॅड कुणी पाठवलेच नव्हते, ते तिनं पहिल्या तासात मागवले. पाणी ओसरल्यावर घरी परतणाऱ्यांना ती सांगत होती, की भिजलेलं धान्य वास नाही आला तरी खाऊ नका, गाद्यांचा मोह सोडा, आधी मेन स्विच तपासून घ्या, मग दार धुवा. तिच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थिनी, आता त्याही साठीच्या, न बोलावता येऊन तिच्या हाताखाली उभ्या राहिल्या. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पोरांपैकी एकानं मला विचारलं, या काकू डॉक्टर आहेत का? मी म्हटलं, गृहशास्त्राच्या बाई आहेत. त्याला तो विषय ठाऊकच नव्हता.

२०२१ ला पुन्हा पाणी आलं. पुढंही येईल. कॉलेजात आता आपत्ती व्यवस्थापन शिकवतात आणि ते चांगलंच आहे, पण पाण्यानं वेढलेल्या घरातल्या पाच जणांना दोन दिवस काय खायला घालायचं, हे त्यात कुठं येतं?

कॉर्नेलची नवी नावं, बडोद्याची नवी नावं, मला मान्य आहेत. विषयानं काळाप्रमाणं अंग बदलायलाच हवं, नाहीतर तो जर्नलमधल्या मांजरपाटाच्या तुकड्यासारखा पिवळा पडला असता. माझं मागणं एवढंच, की त्यातला बिनमालकीचा राहिलेला भाग सातवी-आठवीच्या वर्गात आणा, मुलग्यांसकट. नव्या शैक्षणिक धोरणात दप्तराविना दिवस आहेत, सहावी ते आठवीला हातानं शिकायचं बोलणं आहे. तिथं याला जागा करता येईल.

आत्यानं तर अभ्यासक्रमही सांगून ठेवलाय. पहिला तास लाईट बिलाचा. प्रत्येक पोरानं घरचं बिल घेऊन यायचं, युनिट किती, स्थिर आकार कोणता, वहन आकार कशाचा, गिझर बंद ठेवला तर किती फरक पडतो, हे स्वतः काढायचं. दुसऱ्या तासाला पाच माणसांचं एका वेळचं जेवण, ठरवून दिलेल्या रुपयांत, बाजार स्वतः करून. तिसरा तास रफूचा. तिथं मुलग्यांना पहिल्या बाकावर बसवा, म्हणते, सुईत दोरा ओवायला त्यांनाच जास्त वेळ लागतो.